केबिनमधली घसरगुंडी

मित्रांनो, मी एक जुनी फिरती खुर्ची आहे. फिरती हे आपलं म्हणायला. डावीकडे मी अजून बऱ्यापैकी वळते. उजवीकडे वळवलंत तर कुरकुरते आणि मध्येच अडून बसते. अंगावरचं मरून रेक्झिन दोन ठिकाणी उसवलं आहे. डाव्या हाताला पिवळी-काळी पट्टी गुंडाळलेली आहे. कारखान्यात 'या रेषेपलीकडे जाऊ नये' म्हणून जमिनीवर चिकटवतात ना, तीच ही पट्टी. आणि माझ्यावर कुणी बसलं की मी 'फुस्स' असा आवाज करत हळूहळू खाली जाते. हसू नका. उतारवयात कुणाचे गुडघे जातात, कुणाचे दात. माझं हायड्रोलिक गेलं.

माझा जन्म थेरगावचा. डांगे चौकाच्या मागच्या गल्लीत खंडू मिस्त्रींचं पत्र्याचं वर्कशॉप होतं. पाय एका दुकानातून, चाकं दुसऱ्या दुकानातून, असं सगळं गोळा करून ते खुर्च्या जोडायचे. खुर्ची तयार झाली की मिस्त्री स्वतः तिच्यावर बसून एक गिरकी घ्यायचे आणि उठल्यावर पाठीवर थाप मारून म्हणायचे, "जा बाई, साहेबाच्या घरी पड." त्या आशीर्वादानं मी अशी काही फुगले, की टेम्पोत शेजारी बांधलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांशी चाकण येईपर्यंत एक शब्द बोलले नाही.

टेम्पो चाकण रोडवरच्या एका कारखान्यात शिरला. तिथे मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्या बनायच्या. मला पर्सोनेल साहेबांच्या केबिनमध्ये नेलं, तेव्हा माझा आनंद गगनात मावेना. पण टेबलामागे आधीच एक उंच पाठीची काळी खुर्ची ऐसपैस पसरली होती. मला ठेवलं टेबलाच्या अलीकडे. खुर्चीचं नशीब टेबलाच्या कुठल्या बाजूला जागा मिळते त्यावर ठरतं, हे खंडू मिस्त्रींनी मला सांगितलंच नव्हतं.

बरं, अलीकडे तर अलीकडे. कुणीतरी येईल, बसेल, चार गोष्टी बोलेल, अशी मी मनाची समजूत घातली. पण कुणी बसेना. त्या कारखान्यात साहेबासमोर बसायची पद्धतच नव्हती. रजा मागायची उभ्यानं, मेमो घ्यायचा उभ्यानं, मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायची तीही उभ्यानं. शिवाय केबिनमध्ये एकट्यानं जायचं नाही, युनियनचा माणूस बरोबर घ्यायचा, असाही तिथला रिवाज होता. उद्धवराव नावाचे युनियनचे पुढारी माझ्या मागे इतके वेळा उभे राहिले, की उभं राहण्याचाच त्यांना पगार मिळतो अशी माझी बरीच वर्षं समजूत होती.

मग कारखाना दुसऱ्या राज्यात हलवायचं ठरलं आणि साहेब एकाएकी प्रेमळ झाले. एकेकाला केबिनमध्ये बोलवायचे आणि म्हणायचे, "बसा." चहासुद्धा मागवायचे.

पहिला आला ज्ञानदेव, प्रेस शॉपमधला, म्हणजे पत्रा दाबून आकार देणाऱ्या मशिनवरचा. साधा, भिडस्त माणूस; युनियनवाल्यांना त्रास नको म्हणून एकटाच आला. 'बसा' ऐकून त्याला वाटलं, आपली बढती झाली. मला ग्रीसचा डाग पडू नये म्हणून त्यानं आधी पँट मागून दोन्ही हातांनी झटकली आणि मग जेमतेम कडेवर टेकला. खंडू मिस्त्रींनंतर माझ्यावर बसलेला तो पहिला माणूस. मला तर भरून आलं! चहा आला. ज्ञानदेवनं तो बशीत ओतून फुंकर मारली, तेवढ्यात साहेबांनी कागद पुढे सरकवला. उद्यापासून येऊ नका, असा कागद. आणि नेमकं तेव्हाच माझ्या पोटात काहीतरी सटकलं. हातात बशी धरलेला ज्ञानदेव फुस्सदिशी खाली जाऊ लागला. हनुवटी टेबलाला लागेपर्यंत गेला. त्यानं चहाचा थेंबही सांडू दिला नाही. तो उठून गेल्यावर मी आपोआप परत वर आले, पण ते बघायला तो थांबला नव्हता.

त्या दिवसापासून कामगारांनी माझं नाव 'घसरगुंडी' ठेवलं. अमक्याला घसरगुंडीवर बसवला, म्हणजे त्याची नोकरी गेली. आता मला सांगा, यात माझा काय दोष? कागद साहेबांचा, चहा कँटीनचा, आणि बदनाम मात्र मी. एकानं तर कागद वाचताना माझा डावा हात असा आवळला, की रेक्झिनच फाटलं. मेंटेनन्सच्या माणसानं त्यावर ही पिवळी-काळी पट्टी गुंडाळली. तेव्हापासून मी दिसायलाही धोक्याची झाले.

फक्त एक माणूस माझ्यावर बसला नाही. साहेबराव, हाही प्रेस शॉपचाच, कुरुळीत राहणारा. तो उद्धवरावांना घेऊन आला. साहेब म्हणाले, "बसा." साहेबरावनं माझ्याकडे असं पाहिलं, की मला रेक्झिनच्या आतून घाम फुटला. "न्हाई साहेब," तो म्हणाला. "काय द्यायचंय ते उभ्यानं द्या." नोकरी त्याचीही गेलीच. पण 'घसरगुंडीवर न बसलेला माणूस' म्हणून चहाच्या टपऱ्यांवर त्याचं नाव झालं, आणि ते नाव त्यानं घरीही मिरवलं. आपल्या लेकीला त्यानं लहानपणापासून दोनच गोष्टी शिकवल्या. शिकून मोठं व्हायचं आणि कुणी केबिनमध्ये बोलावलं तर जायचं नाही. या दोन गोष्टी एक दिवस एकमेकींना धडकतील, हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार?

कारखाना बंद झाला. काळी खुर्ची साहेबांबरोबर गेली आणि मी गेले चिखलीच्या भंगार बाजारात. तिथे मी पाय वर करून पडून होते, एका बाजूला फुटका कूलर, दुसऱ्या बाजूला पंख्याची पाती. ऊन रेक्झिनला भेगा पाडत होतं. आता आपलं लोखंड वेगळं, स्पंज वेगळा करणार, असं मी धरून चालले होते. तेवढ्यात एक बाई आल्या, मला सरळ उभं केलं आणि बसल्या. फुस्स! मी लाजेनं अर्धमेली झाले. बाई मात्र खळखळून हसल्या आणि म्हणाल्या, "हीच द्या."

या विजयश्री मॅडम. आकुर्डीच्या बाजूच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवायच्या. ज्यांच्या घरात आजवर कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, अशा मुलांना मदत करायला तिथे नवा कक्ष सुरू झाला होता. कॉलेजनं जिन्याखालची खोली दिली, टेबल दिलं आणि बोर्ड दिला. खुर्च्या द्यायचं राहून गेलं. बोर्डावर लिहिलं होतं, 'प्रथम पिढी विद्यार्थी मार्गदर्शन, समुपदेशन व साहाय्य कक्ष'. तो वाचून होईपर्यंत मुलं दारावरून पुढे निघून गेलेली असायची.

मला पुन्हा टेबलाच्या अलीकडेच ठेवलं. पण मॅडमनी माझी धूळ पुसली, चाकांना तेल घातलं. आता नक्की कुणीतरी बसणार, म्हणून मी दाराकडे डोळे लावून राहिले. आठवडे गेले. कुणी येईना. जे एक-दोघं चुकून यायचे, ते माझ्या पाठीला दोन्ही हातांनी धरून मागे उभे राहायचे. "बस ना," मॅडम म्हणायच्या. "नको मॅडम, उभा ठीक आहे," हे ठरलेलं उत्तर. एक मुलगा स्कॉलरशिपचं विचारायला आला आणि सगळा वेळ उभा राहिला. त्याच्या तळहाताच्या घामानं माझी पाठ ओली झाली. मॅडमना वाटायचं, मुलं लाजतात. मला खरं कारण माहीत होतं, पण खुर्चीला तोंड कुठे असतं? कुरुळी, निघोजे, म्हाळुंगे, अशा गावांतली ही मुलं. यांच्या घरात केबिन या शब्दानं कुणाचं कधी भलं झालेलं नव्हतं.

या मुलांतच साहेबरावची लेक अंजली होती. पहिल्या वर्षाला. तिची हकिगत मला पुढे तिच्याच तोंडून कळली. दहावी-बारावीला घरच्यांनी पेढे वाटावेत असे मार्क मिळवून ती इथे आली, आणि गणिताच्या पहिल्या पेपरात, ज्याला मुलं एम-वन म्हणतात, त्यात नापास झाली. आता नापास म्हणजे काय, हे तिला कॉलेजनं सांगितलं नव्हतं, पण वडिलांच्या बोलण्यातून पक्कं माहीत होतं. प्रेस शॉपमध्ये पीस नापास झाला की त्याच्यावर लाल रंगाचा फटका मारतात आणि लाल डब्यात टाकतात. तिथून तो भंगारात जातो. तेव्हा आज ना उद्या आपल्याला काढणारच, असं धरून ती गप्प बसली. घरी सांगितलं नाही. आईच्या कंपनीत हार्नेसच्या, म्हणजे मोटारीच्या वायरी जुळवायच्या लाईनवर मुली घेतायत का, याची मात्र तिनं गुपचूप चौकशी करून ठेवली.

मॅडमच्या लक्षात आलं की ही मुलगी गणिताच्या तासाला दिसेनाशी झाली आहे. त्यांनी तिला निरोप पाठवला, 'एकदा केबिनमध्ये येऊन भेट. घरच्यांना आणलंस तरी चालेल.' मॅडमच्या मते याहून गोड निरोप असूच शकत नव्हता.

कुरुळीत त्या निरोपानं हाहाकार उडाला. अंजलीला रडत रडत सगळं सांगावं लागलं. साहेबरावनं शिफ्टवर असलेल्या बायकोला फोन लावला आणि एवढंच म्हणाला, "पोरीला केबिनमधी बोलिवलंय." मशिनच्या आवाजातून ती म्हणाली, "एकटं जाऊ नगा. उद्धवभाऊंना न्या."

म्हणून एका शनिवारी दुपारी आमच्या खोलीच्या दारात शिष्टमंडळ उभं राहिलं. पुढे पांढऱ्या सफारीत उद्धवराव. केस पिकले होते, पण छाती तशीच पुढे. मागे साहेबराव, अंगावर इस्त्रीचा शर्ट, चेहरा असा की जणू पोरीला कोर्टात घेऊन आलाय. आणि सगळ्यात मागे ओढणीचं टोक पिळत अंजली. दोघा पुरुषांना मी क्षणात ओळखलं. माझ्यावर पार हातांच्या वरपर्यंत पोरांच्या जर्नलांचा ढीग रचलेला होता, त्याच्या आड मी शक्य तेवढी लपले.

"नमस्कार मॅडम," उद्धवराव म्हणाले. "आम्ही चर्चेसाठी आलोय."

"जय भीम," साहेबराव मागून हळूच म्हणाला.

"जय भीम. या ना, बसा," मॅडम म्हणाल्या.

कुणी बसलं नाही. बसायला तरी कुठे होतं? एक मी, आणि कोपऱ्यात पाण्याचा जार ठेवलेलं एक स्टूल. मॅडमनी बाहेर शिपायाला हाक मारून चहा सांगितला. उद्धवरावांनी घसा साफ केला.

"पहिली मागणी. अंजली साहेबराव हिच्यावर काहीही कारवाई करण्याआधी तिची बाजू ऐकून घेतली पाहिजे."

"म्हणूनच तर बोलावलंय," मॅडम म्हणाल्या.

उद्धवरावांनी दुसरं बोट वर केलं. "दुसरी मागणी. एका पेपरात नापास झाली म्हणून तिला कामावरून... कॉलेजातून कमी करता येणार नाही."

"कमी? अहो, एका पेपरासाठी कुणालाच काढत नाहीत. तो पेपर परत देता येतो."

"परत?" साहेबराव एकदम पुढे झाला. "म्हंजी पीस रिवर्कला जातो? लाल डब्यात न्हाई टाकत?"

मॅडमना नीट कळलं नाही, पण त्याचा चेहरा पाहून त्या म्हणाल्या, "हो काका. रिवर्कच."

उद्धवरावांनी साहेबरावकडे डोळे वटारले. चर्चा चालू असताना सभासदानं मध्ये बोलायचं नसतं. "तिसरी मागणी," ते आवाज चढवून म्हणाले. "ट्रेनिंग! तिला जे येत नाही ते शिकवण्याची जबाबदारी मॅनेजमेंटची. आणि त्याचा एक रुपया घ्यायचा नाही!"

"मान्य. दर शनिवारी, मी स्वतः शिकवेन. इथेच."

उद्धवरावांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, परत लावलं आणि पेन खिशात ठेवलं. एवढी हयात त्यांनी मागण्या करण्यात घालवली होती, पण असला प्रसंग त्यांच्यावर कधी आला नव्हता.

"मॅडम, असं नसतं," ते शेवटी कळवळून म्हणाले.

"कसं असतं मग?"

"आधी तुम्ही नाही म्हणायचं. मग आम्ही उठून बाहेर जायचं. मग तुम्ही आम्हाला परत बोलवायचं. इतक्या झटकन मान्य करताय म्हणजे यात काहीतरी गोम आहे."

मॅडमनी ओठ दाताखाली दाबला. हसू आवरताना त्यांची काय तारांबळ उडाली ते फक्त मला दिसलं. "बरं," त्या गंभीरपणे म्हणाल्या. "मग नाही."

"कशाला नाही?"

"तिन्ही मागण्यांना."

उद्धवरावांचा चेहरा उजळला. "चला रे!" म्हणत ते दोघांना घेऊन बाहेर गेले. जिन्याखाली त्यांची कुजबुज चालली. मॅडमनी जरा वेळ जाऊ दिला आणि हाक मारली. शिष्टमंडळ पुन्हा आत आलं.

"मी पुनर्विचार केला," मॅडम म्हणाल्या. "तिन्ही मागण्या मान्य. पण माझी एक अट आहे."

"आली की नाही अट!" उद्धवराव साहेबरावला म्हणाले. खूप दिवसांनी घरचं जेवायला मिळावं तसे ते खूश झाले होते. "बोला मॅडम."

"इथे कुणी उभं राहून शिकायचं नाही. अंजलीनं या खुर्चीवर बसायचं." असं म्हणून त्यांनी जर्नलांचा ढीग बाजूला केला.

झालं. मी उघडी पडले. साहेबरावची नजर माझ्या डाव्या हातावरच्या पिवळ्या-काळ्या पट्टीवर गेली आणि तिथेच खिळली.

"उद्धवभाऊ," तो दबक्या आवाजात म्हणाला, "ही आपली घसरगुंडी हाय."

उद्धवराव चष्मा सावरत वाकले, पट्टी निरखली, माझं उसवलेलं रेक्झिन बोटानं उचलून पाहिलं. "तीच," ते म्हणाले आणि एक पाऊल मागे सरकले.

साहेबरावनं अंजलीचा हात धरला. "मॅडम, बाकी समदं मान्य. पर ही न्हाई. माझी पोरगी उभ्यानं शिकंल."

मॅडम गोंधळल्या. मग उद्धवरावांनी त्यांना माझं सगळं पुराण ऐकवलं. 'बसा', चहा, कागद, काही वगळलं नाही. उलट थोडं पदरचं घातलं. माझ्यामुळे एकाच्या कमरेत उसण भरली, असंही सांगून टाकलं, जे साफ खोटं आहे. ऐकता ऐकता मॅडमचं तोंड उतरलं. "मला माहीत नव्हतं," त्या म्हणाल्या. "सोमवारी दुसरी खुर्ची आणते. ही काढून टाकते."

मित्रांनो, ते ऐकून माझं काय झालं ते तुम्हाला सांगून कळायचं नाही. मला चिखलीचं ऊन आठवलं, तो फुटका कूलर आठवला. आयुष्यात एकदा कुणीतरी माझ्यावर बसून खुशीत उठावं, एवढीच माझी इच्छा होती, आणि ती राहूनच जाणार होती.

"पप्पा," अंजली म्हणाली. आत आल्यापासून तिनं पहिल्यांदाच तोंड उघडलं होतं. "मला गणित येत नाही."

"शिकवनार हायेत ना त्या. सोमवारी नवी खुर्ची..."

"सोमवारी मी नाही येणार." तिनं हात सोडवून घेतला. "बारावीपर्यंत पाठ करून भागलं. इथलं मला कळतच नाही. वर्गात सगळ्यांना कळतं, मलाच नाही. कितीतरी वेळा मी या दारापर्यंत आलेय आणि बोर्ड वाचून परत गेलेय. आज तुम्ही हाताला धरून आणलंत म्हणून आत आले. सोमवारी परत दारातूनच पळून जाईन आणि हार्नेसच्या लाईनला लागेन. मला आजच बसू द्या."

"अगं, पर आत यायला भ्यायलीस कशाला? मॅडम काय खातायत का?"

"तुम्हीच सांगितलंय ना, केबिनमध्ये जायचं नाही म्हणून."

इतकी वर्षं मिरवलेलं ते नाव साहेबरावला पहिल्यांदाच टोचलं असावं. तो माझ्याकडे बघत राहिला. उद्धवरावही चळवळ विसरून माझ्याकडे बघत राहिले. मी तर बोलूनचालून खुर्ची; मी आहे तिथेच होते.

"थांब," साहेबराव म्हणाला. "प्रेसला नवी डाय, नवा साचा लावला की पयला स्ट्रोक ऑपरेटर मारतो. ट्रायल मी घेतो."

"साहेबराव, विचार कर!" उद्धवराव म्हणाले.

पण तो पुढे आलाच होता. एका हातानं टेबलाची कड पकडून, दात आवळून तो माझ्यावर बसला. मी श्वास रोखून धरला. धरवत होता तेवढा धरला. पण हायड्रोलिक ते हायड्रोलिक. फुस्स!

"धरा! खाली चाललं! धरा!" उद्धवरावांनी साहेबरावची कॉलर पकडली. त्यानं काही फरक पडला नाही. फक्त साहेबरावचा शर्ट वर राहिला आणि साहेबराव खाली गेला. अंजलीनं तोंडावर ओढणी दाबली, रडायला की हसायला ते तिलाही कळत नव्हतं. मी तळाला टेकले. आणि नेमका त्याच वेळी शिपाई आत आला आणि त्यानं साहेबरावच्या हनुवटीसमोर चहा ठेवला.

"चहा!" उद्धवराव ओरडले. "मॅडम, चहा कशाला मागवलात?"

साहेबरावनं कपाकडे पाहिलं. मग मॅडमच्या हातांकडे पाहिलं. तो वाट बघत होता. मॅडमनी एक हात पुढे केला आणि बिस्किटांची बशी त्याच्याकडे सरकवली.

"कागूद?" त्यानं विचारलं.

"कसला कागद, काका?"

साहेबरावनं चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. बिस्कीटही खाल्लं. तोंड पुसलं आणि उठला. तो उठताच मी नेहमीसारखी हळूहळू वर आले. पण आज तो पाठ फिरवून गेला नाही. वळून बघत उभा राहिला.

"उद्धवभाऊ, ही परत वर येती की ओ!"

"वर येते?"

"व्हय. आपल्यातल्या कुनी मागं वळून बघितलंच न्हाई." मग त्यानं हातानं माझं रेक्झिन साफ केलं आणि लेकीला म्हणाला, "बस अंजे. ट्रायल ओके हाय."

अंजली बसली. मी तिला घेऊन खाली गेले. तिचं नाक कसंबसं टेबलाच्या वर राहिलं. तेव्हा मॅडम आपली खुर्ची सोडून उठल्या, पाण्याचा जार खाली ठेवला आणि ते स्टूल ओढून माझ्या शेजारी, टेबलाच्या अलीकडे येऊन बसल्या. "काय कळत नाही ते सांग," त्या म्हणाल्या. "अगदी पहिल्यापासून कळत नसेल तर पहिल्यापासून." टेबलाच्या अलीकडे इतकी गर्दी मी जन्मात पाहिली नव्हती.

उद्धवरावांनी घरी जाण्याआधीच जुन्या कामगारांच्या ग्रुपवर टाकलं, 'सर्व मागण्या मान्य. लढा यशस्वी. मॅनेजमेंट झुकली.' मग काय विचारता! पुढच्या शनिवारी ते दुसऱ्या कामगाराला आणि त्याच्या मुलाला घेऊन हजर. त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी दोघांना. मॅडम आता तयारीच्या झाल्या आहेत. मागणी ऐकली की त्या आधी ठणकावून नाही म्हणतात, शिष्टमंडळ बाहेर जातं, परत येतं आणि मग सगळं मान्य होतं. तो लांबलचक बोर्ड अजून आहे, पण त्याच्या खाली कुणीतरी कागद चिकटवलाय, 'घसरगुंडी, शनिवारी दुपारी'. तेवढं मात्र सगळे वाचतात. रांग जिन्याच्या वरपर्यंत जाते आणि माझं हायड्रोलिक दिवसभर फुसफुसत असतं.

अशा आत्मवृत्ताच्या शेवटी विनंती करायची असते, म्हणून मीही करते. मित्रांनो, खुर्चीची निगा राखा. तिच्यावर पाय ठेवून पंखा पुसू नका, पेनाच्या टोकानं रेक्झिन उकरू नका, आणि जुनी झाली म्हणून भंगारात टाकायची घाई करू नका. आणि तुमच्या दारात कुणी अवघडून उभं असलं, तर त्याला बस म्हणा. एकदा म्हणून तो बसणार नाही. पुन्हा म्हणा. आणि तो बसला की कागद नका सरकवू, चहा सरकवा.

खरं तर इथेच थांबायचं. पण गेल्या शनिवारचं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

अंजलीचा एम-वन सुटला. साहेबराव पेढ्यांचा पुडा घेऊन आला. मॅडम म्हणाल्या, "बसा," आणि तो खरंच बसणार होता. पण त्याचं लक्ष दाराकडे गेलं. दारात उद्धवरावांच्या मागे एक माणूस मुलाच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. मला बघून त्याचे पाय उंबऱ्यातच थिजले होते. मित्रांनो, तो ज्ञानदेव होता. त्याचा समर्थ यंदा पहिल्या वर्षाला आलाय.

"मी उभा बरा हाय," ज्ञानदेव म्हणाला.

साहेबरावनं पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला, त्याचा दंड धरला आणि त्याला माझ्यापाशी आणलं. "बस ज्ञानबा," तो म्हणाला. "ट्रायल मी घेतलीय."

ज्ञानदेवनं पँट मागून दोन्ही हातांनी झटकली आणि जेमतेम कडेवर टेकला. चहा आला. त्यानं तो बशीत ओतला. बशी काठोकाठ भरली होती, म्हणून मी जमेल तितकी सावकाश खाली गेले. त्यानं फुंकर मारली, चहा संपवला, बशी खाली ठेवली. मग तो उठला, मागे वळला, आणि मी पूर्ण वर येईपर्यंत बघत उभा राहिला.